आधी काय हवे?

बंगळुरूला 1862 साली एकाच वर्षात दोन नगरपालिका मिळाल्या. मार्चमध्ये जुन्या पेठेची, म्हणजे चिकपेट, बळेपेट, कॉटनपेट या गल्ल्यांची. आणि ऑगस्टमध्ये पेठेच्या ईशान्येला पसरलेल्या इंग्रजी छावणीची. दोन्हींच्या मध्ये मोकळी जमीन होती, तिथे पुढे कब्बन पार्क झाले. 1881 मध्ये म्हैसूरचे राज्य वडेयर घराण्याला परत मिळाले, पण छावणी इंग्रजांनी सोडली नाही. तिचा कारभार इंग्रज रेसिडेंटच्या हाताखाली राहिला, तो थेट जुलै 1947 पर्यंत. 1949 मध्ये दोन्ही पालिका एक करून महापालिका स्थापन झाली. आज आपण शहराचा मध्यभाग समजतो ते शिवाजीनगर त्याआधीची सत्याऐंशी वर्षे पेठेजवळच्या एका वेगळ्या लहान शहराचा बाजार होते. त्याची पालिका वेगळी होती आणि बोलीही वेगळी. पेठेत कन्नड, तेलुगू चाले. इथे तमिळ, दखनी आणि इंग्रजी.

लहान शहराचे पुढचे वीस-पंचवीस वर्षांचे नियोजन करायचे, तर तिथल्या लोकांचे अग्रक्रम कसे ओळखायचे, हा या प्रकरणाचा विषय आहे. त्यासाठी शिवाजीनगर निवडले, कारण गेल्या दोनशे वर्षांत इथला प्रत्येक मोठा बदल कोणाच्या ना कोणाच्या अग्रक्रमाने झाला, आणि तो कोणाचा होता हे बोट ठेवून सांगता येते.

शिवाजीनगर म्हटले की मराठी वाचकाच्या मनात शहाजीराजे येतात, आणि ते स्वाभाविक आहे. 1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून बंगळूर घेतले आणि पुढे ती जहागीर शहाजीराजांकडे आली. जिजाबाई आणि बाल शिवाजी इथे राहून गेले. 1664 मध्ये शहाजीराजांचा अंत होदिगेरे इथे झाला. आजच्या दावणगेरे जिल्ह्यात त्यांची समाधी आहे. मात्र राजांचे बंगळूर ते किल्ल्याचे आणि पेठेचे. आजच्या शिवाजीनगरच्या जागी तेव्हा शहर नव्हतेच. इथली वस्ती वाढली ती फौजेमुळे, आणि तिचे जुने नाव ब्लॅकपल्ली. स्वातंत्र्यानंतर तिला महाराजांचे नाव मिळाले.

पहिला मोठा बदल या फौजेने केला, आणि ती इथे आली त्याला कारण हिवताप. 1799 मध्ये टिपूचा पाडाव झाल्यावर इंग्रजांनी सैन्य श्रीरंगपट्टणात ठेवले. कावेरीच्या त्या बेटावर तापाने माणसे खचू लागली, तेव्हा उंचावरचे, थंड हवेचे बंगळूर पसंत पडले आणि 1809 च्या सुमारास हलसूरजवळ छावणी पडली. कवायतीचे मैदान, बराकी, अधिकाऱ्यांचे बंगले, रुंद सरळ रस्ते अशी तिची मांडणी होती. या सगळ्याला अन्न, कपडा, चामडे, घोड्याचा दाणा आणि मजूर पुरवणारे लोक जिथे राहिले ते ब्लॅकपल्ली. इन्फंट्री रोड सैन्याच्या सोयीने आखला गेला; मीनाक्षी कोविल स्ट्रीट, नारायण पिळ्ळे स्ट्रीट, इब्राहिम साहेब स्ट्रीट या गल्ल्या राहणाऱ्यांनी आपापल्या गरजेने वसवल्या. नकाशा उघडला तर हा फरक आजही दिसतो. एकीकडे लांब सरळ रेषा, दुसरीकडे दाट विणलेले गल्ल्यांचे जाळे.

दुसरा मोठा बदल प्लेगने केला. पुण्यात 1897 मध्ये प्लेगच्या बंदोबस्ताने काय घडवले ते मराठी माणसाला सांगायला नको. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1898 मध्ये, साथ बंगळुरूत पोहोचली आणि दाट वस्त्यांत पसरली. शहरात ठिकठिकाणी प्लेगच्या मरिअम्मेची देवळे उभी राहिली, ती आजही आहेत. छावणीच्या पालिकेने या संकटातून घेतलेला धडा स्पष्ट होता. माणसे विरळ राहिली पाहिजेत, हवा खेळली पाहिजे, उंदीर घरात शिरता कामा नये. यातून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्लॅकपल्लीच्या उत्तरेला फ्रेझर टाउन वसले. रेसिडेंट स्टुअर्ट फ्रेझर यांचे नाव त्याला मिळाले. घरे उंदीर शिरणार नाहीत अशी बांधली गेली, आणि मैला वाहून नेणाऱ्यांसाठी घरांच्या मागून अरुंद बोळ ठेवले गेले. आखणी उत्तम होती, पण ती परवडणारी कुटुंबे तिथे गेली आणि बाकीचे लोक ब्लॅकपल्लीत राहिले. नियोजनाने आरोग्याला पहिले स्थान दिले, ते रास्तच होते. पण त्या आरोग्याचा वाटा प्रत्येकाला मिळाला नाही. ज्या वस्तीतून साथ पसरली तिची गटारे सुधारण्यापेक्षा तिच्या बाहेर नवी वस्ती आखणे सोपे ठरले. हे फक्त इथेच झाले असे नाही. आपल्या जवळजवळ प्रत्येक शहराचे जुने गावठाण आणि नवी कॉलनी यांचे नाते असेच आहे.

तिसरा बदल आत्ताचा आहे, मेट्रोचा. काळेन अग्रहार ते नागवार या मार्गाचे भुयारी स्थानक शिवाजीनगरला आहे. 22 सप्टेंबर 2021 रोजी 'ऊर्जा' नावाचे बोगदा खणणारे यंत्र छावणी स्थानकाकडून भुयार पाडत शिवाजीनगरला बाहेर पडले. जवळच्या कामराज रोडचा एक तुकडा मेट्रोच्या कामासाठी 2019 मध्ये बंद झाला, त्याची एक बाजू उघडायला पाच वर्षे लागली. कमर्शियल स्ट्रीटच्या व्यापाऱ्यांनी त्या काळात काय सोसले ते त्यांनाच विचारावे. सप्टेंबर 2025 मध्ये या स्थानकाला सेंट मेरीचे नाव देण्याची शिफारस करू, असे मुख्यमंत्री सिद्धरामय्या म्हणाले आणि महाराष्ट्रात त्यावर तीव्र प्रतिक्रिया उमटली. मलाही महाराजांचे नाव तिथे असावे असे वाटते आणि ते मी मोकळेपणाने सांगतो. पण त्या चर्चेच्या दिवसांत स्थानकातून बाहेर पडल्यावर माणसाने चालायचे कुठून, हा प्रश्न महाराष्ट्रातही कोणी विचारला नाही आणि कर्नाटकातही नाही, याचे वाईट वाटते.

कारण शिवाजीनगर हे चालणाऱ्यांचे ठिकाण आहे. शहराच्या मोठ्या बसस्थानकांपैकी एक इथे आहे. जून 2023 पासून कर्नाटकात 'शक्ती' योजनेखाली महिलांना बसप्रवास मोफत झाला, आणि बसमधून उतरणाऱ्यांत बायका अधिक दिसू लागल्या. घरकाम करणाऱ्या, दुकानांत कामाला जाणाऱ्या, भाजी-फुले घाऊक घेऊन आपल्या मोहल्ल्यात विकणाऱ्या, पेशंटला घेऊन बाउरिंग हॉस्पिटलला निघालेल्या. बसस्थानकापासून रसेल मार्केट, सेंट मेरी बॅसिलिका आणि लेडी कर्झन रोडवरचे बाउरिंग हॉस्पिटल ही सगळी पायी अंतरावर आहेत. इतकी गर्दीची, इतकी वेगवेगळ्या कामांची ठिकाणे एवढ्या छोट्या परिघात क्वचितच एकत्र सापडतात.

ती वाट चालून पाहावी. पदपथ म्हणजे पावसाळी गटारावर टाकलेल्या दगडी लाद्या. काही हलतात, काहींच्या मध्ये पाऊल अडकेल एवढी फट आहे. थोडे पुढे गेले की लोखंडी जाळीतला विजेचा ट्रान्सफॉर्मर पूर्ण रुंदी अडवून उभा. मग उभ्या केलेल्या दुचाक्या, मग फळांची हातगाडी, मग दुकानाबाहेर आलेले कपड्यांचे हँगर. माणूस रस्त्यावर उतरतो. मागून बस येते, रिक्षा येते. कडेवर मूल घेतलेली बाई, हातात स्कॅनचे पाकीट धरलेला म्हातारा, सगळे त्याच रस्त्यावर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शिकेप्रमाणे वस्तीतल्या पदपथाची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर असावी, बाजारात 2.5 मीटर, आणि पदपथ रस्त्यापासून 15 सेंटिमीटरपेक्षा उंच नसावा, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला चढता येईल. इथून फार लांब नसलेल्या कनिंगहॅम रोडवर टेंडर शुअर योजनेत असा पदपथ झालेला आहे: रुंद, सपाट, खाली नळ, तारा आणि गटारांसाठी वेगळ्या वाहिन्या. तेव्हा ज्ञान नाही असे कोणी म्हणू नये. एकाच महापालिकेने ते एका रस्त्यावर वापरले आणि दुसऱ्यावर वापरले नाही, आणि चालणारी माणसे या दुसऱ्या रस्त्यावर कितीतरी जास्त आहेत.

रसेल मार्केटचीही तीच कहाणी. पालिकेचे आयुक्त टी. बी. रसेल यांच्या नावाचा हा बाजार 1927 मध्ये बांधला गेला आणि 1933 मध्ये व्यापारी इस्माईल सेठ यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मनोरे, कमानी, समोर घड्याळ, पुढे चांदनी चौक. पहाटे इथे गुलाबाची, शेवंतीची पोती उतरतात. आत भाजी, फळे, मटण, मासळी. 25 फेब्रुवारी 2012 च्या पहाटे इथे आग लागली आणि शंभराहून अधिक दुकाने जळाली. अरुंद बोळ, लोंबत्या तारा, माळ्यावर साठवलेला माल, पाण्याची अपुरी सोय, अशा जुन्या मंडईत आग पसरायला वेळ लागत नाही. बाजार पाडून बहुमजली संकुल बांधण्याची कल्पना पालिकेत अनेकदा निघाली. व्यापाऱ्यांनी दर वेळी विरोध केला. मला त्यांची बाजू पटते. मंडईचा खरा अग्रक्रम नवी इमारत नसून तारांची दुरुस्ती, बंबाला आत येता येईल अशी वाट आणि मासळी-मटणाचे पाणी वाहून नेणारे बंद गटार हा आहे. या तीनही कामांना भूमिपूजन आणि कोनशिला लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच ती मागे पडतात. छावणीच्या जुन्या वस्त्यांचे नाले हलसूर तळ्याला जाऊन मिळतात. मार्च 2016 मध्ये त्या तळ्यात हजारो मासे मरून वर आले. मंडईतले गटार आणि तळ्यातले मासे यांचे नाते आराखड्यात एका पानावर यायला हवे.

मग हे अग्रक्रम ठरवायचे कोणी? कायद्यात उत्तर आहे. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. कर्नाटकने 2016 मध्ये नियम केले: नगरसेवक अध्यक्ष, दहा सभासद, त्यांत तीन महिला, दोन अनुसूचित जाती-जमातींचे, दोन रहिवासी संघटनांचे. दर महिन्याला बैठक. पण बंगळुरूच्या महापालिकेची मुदत सप्टेंबर 2020 मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षे शहरात एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. सप्टेंबर 2025 मध्ये एका महापालिकेच्या पाच झाल्या. शिवाजीनगर मध्य बंगळुरू महापालिकेत आले. विकास आराखड्याचे हाल याहून वाईट. 2007 मध्ये मंजूर झालेला आराखडा 2015 पर्यंतचा होता. 2031 पर्यंतचा मसुदा नोव्हेंबर 2017 मध्ये निघाला, त्यावर हजारो हरकती आल्या आणि 2020 मध्ये तो सरकारने मागे घेतला. शहर जुन्याच कागदावर वाढत राहिले.

लोकांनी मनावर घेतले तर काय होते, तेही बंगळुरूने दाखवले आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये बसवेश्वर चौक ते हेब्बाळ या पोलादी उड्डाणपुलाविरुद्ध हजारो नागरिक हातात हात घालून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. झाडे वाचवा, लोकल रेल्वे द्या, अशी त्यांची मागणी होती. मार्च 2017 मध्ये पूल रद्द झाला. पण नको म्हणणे आणि 'आधी हे, मग ते' असे सांगणे यांत मोठे अंतर आहे. पहिल्यासाठी संताप पुरतो. दुसऱ्यासाठी हातात पैशाचा आकडा असावा लागतो.

पुण्याने हा प्रयोग 2006 पासून केला. आयुक्त नितीन करीर यांच्या काळात महापालिकेने अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग सुरू केला. क्षेत्रीय कार्यालयातून अर्ज घ्यायचा, आपल्या भागातले पाच लाखांपर्यंतचे काम सुचवायचे, प्रभागाला ठराविक मर्यादा. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात 1989 मध्ये सुरू झालेल्या पद्धतीचे हे मराठी रूप. लोकांनी मागितलेली कामे बहुतेक पदपथ, गटार, दिवे, बसथांबे यांचीच होती. कोणी उड्डाणपूल मागितला नाही, कारण पाच लाखांत तो बसत नाही. मला ही मर्यादा पद्धतीचे बळ वाटते. आकडा ठरला की माणूस हवेतले मागत नाही, निवड करतो. केरळने तर ऑगस्ट 1996 मध्ये लोकयोजना मोहीम सुरू करताना राज्याच्या योजनानिधीतला 35 ते 40 टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे देण्याचे ठरवले, आणि मग ग्रामसभांना विचारले. आधी पैसा ठेवला, मग विचारले. हाच क्रम खरा.

शिवाजीनगरसाठी मात्र पुण्याची पद्धत जशीच्या तशी पुरणार नाही. पुण्यात अर्ज भरतो तो रहिवासी. शिवाजीनगरचा दिवस चालतो तो बाहेरून येणाऱ्यांवर. पहाटे फुले आणणारा मळेवाला, हलसूरच्या पलीकडून बसने येणारी फेरीवाली, कोलारहून आलेला रुग्ण, गुजरीत जुने सुटे भाग विकणारा, सेंट मेरीच्या 8 सप्टेंबरच्या रथयात्रेला भगव्या साडीत पायी आलेली भाविक बाई, रमझानच्या रात्री चांदनी चौकात कुटुंबासह आलेला नोकरदार. यांतल्या बहुतेकांचे मत इथल्या मतदारयादीत नाही. प्रभाग समितीत रहिवासी संघटनांना जागा आहेत, बसप्रवाशांना नाहीत. फेरीवाल्यांपुरता मार्ग 2014 च्या कायद्याने काढला आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सभासद खुद्द विक्रेते असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. हाच विचार आणखी पुढे न्यायला हवा.

म्हणून माझे म्हणणे असे की अशा ठिकाणी अग्रक्रमांची विचारपूस सभागृहात करू नये. ती सकाळी आठ ते दहा बसस्थानकात करावी, पहाटे मंडईत करावी, हॉस्पिटलच्या केसपेपरच्या रांगेत करावी. कन्नड, तमिळ, दखनी अशा तिन्ही भाषांत करावी. प्रश्न एकच ठेवावा: या भागासाठी एवढे कोटी आहेत, पहिले काम कोणते? चार-पाच कामांची चित्रे आणि खर्च समोर ठेवावेत. जे अक्षर वाचू शकत नाहीत त्यांनाही बोट ठेवता येईल. उत्तरांचा मेळ घातला की रहिवासी, व्यापारी आणि वाटसरू यांच्या मागण्या एकमेकींशी भांडताना दिसतील. दुकानदाराला दारात गाडी लावायला जागा हवी, फेरीवाल्याला तीच जागा, चालणाऱ्यालाही तीच. हे भांडण दाबू नये. नियोजन म्हणजे ते उघड्यावर सोडवणे. व्यापाऱ्याला वाटते गाडी म्हणजे गिऱ्हाईक. पण नोव्हेंबर 2020 पासून काही महिने चर्च स्ट्रीट शनिवार-रविवारी गाड्यांना बंद ठेवला होता, तेव्हा रस्ता माणसांनी भरून गेला होता. असा प्रयोग कमर्शियल स्ट्रीट आणि रसेल मार्केटच्या मध्ये काही आठवडे करून, मोजून, मग ठरवावे.

माझा स्वतःचा निवाडा विचाराल तर पहिला क्रमांक बसस्थानक, मेट्रो, मंडई आणि हॉस्पिटल यांना जोडणाऱ्या सलग पदपथाचा. दुसरा मंडईच्या आगीपासूनच्या बंदोबस्ताचा आणि गटाराचा. वाहनतळ, रुंदीकरण आणि नवी संकुले त्यानंतर. पण माझ्या निवाड्यापेक्षा रसेल मार्केटच्या दारात टोपली घेऊन बसलेल्या बाईचा निवाडा आराखड्यात आधी नोंदला जावा.

पुण्यातही एक शिवाजीनगर आहे, आणि तिथल्या जंगली महाराज रस्त्याचे पदपथ गेल्या दशकात रुंद झाले. बसायला बाक आले, झाडे राहिली, आजोबा नातवाला घेऊन संध्याकाळी चालू लागले. ज्यांना वाटते की गजबजलेल्या रस्त्यावर हे होत नाही, त्यांनी तो रस्ता पाहून यावा.

महाराष्ट्रात तुमच्या गावाचा, शहराचा विकास आराखडा निघेल, तेव्हा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांसाठी कायद्याने 30 दिवस मिळतात. मुंबईच्या 2015 च्या मसुद्यावर लोकांनी इतक्या हरकती घेतल्या की तो नव्याने करावा लागला. तुमच्याकडे नकाशा लागेल तेव्हा आपल्या प्लॉटवर कुठले आरक्षण पडले तेवढेच पाहून घरी जाऊ नका. आपल्या बसथांब्यापासून दवाखान्यापर्यंतची वाट नकाशावर शोधा, ती सलग आहे का पाहा, आणि नसेल तर आधी ती करा असे लेखी द्या.